काकरापार, बडोदा आणि अणुभट्टीतला अपघात: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

११ मार्च २०१६ ला सकाळी काकरापारच्या पहिल्या भट्टीत गळती झाल्याची बातमी आली आणि दुपारपर्यंत बडोद्यातल्या मराठी घरांतले फोन खणखणू लागले. माझी धाकटी बहीण काकरापारजवळच्या व्याऱ्याला असते. मी तिला म्हणालो, "मुलांना घे आणि निघून ये इकडे." सगळं आयुष्य रासायनिक कारखान्यात सुरक्षेचं काम करूनही मी हे बोललो, आणि ते चुकीचं होतं. का चुकीचं, ते प्रश्न ७ मध्ये लिहिलं आहे. त्यानंतर दांडिया बाजारातल्या, कारेलीबागेतल्या, मांजलपूरच्या ओळखीच्यांकडून प्रश्न येत राहिले. पुन्हापुन्हा येणारे इथे एकत्र केले आहेत.

१. काकरापार आपल्यापासून किती लांब आहे? तिथे आहे तरी काय?

बडोद्यापासून सरळ रेषेत साधारण १२० किलोमीटर दक्षिणेला, तापी जिल्ह्यात. गायकवाडांची पहिली राजधानी सोनगड, तोच हा मुलूख. तिथे चार भट्ट्या आहेत. २२० मेगावॅटच्या दोन १९९३ आणि १९९५ पासून चालतात. ७०० मेगावॅटची तिसरी २०२३ मध्ये आणि चौथी २०२४ मध्ये व्यावसायिक उत्पादनात आली. चारही जड पाण्यावर (अर्थ प्रश्न १६ मध्ये) चालणाऱ्या असून इंधन नैसर्गिक युरेनियमचं आहे. त्या चालवते न्यूक्लिअर पॉवर कॉर्पोरेशन, आणि तिच्यावर देखरेख अणुऊर्जा नियामक मंडळाची.

२. भट्टीचा अणुबॉम्बसारखा स्फोट होईल का?

नाही. बॉम्बला अतिशय समृद्ध केलेलं युरेनियम किंवा प्लुटोनियम लागतं. नैसर्गिक युरेनियममध्ये विखंडनक्षम, म्हणजे अणू फुटून ऊर्जा देणारा, भाग जेमतेम ०.७ टक्के असतो. भट्टीत वाफेचा किंवा हायड्रोजनचा स्फोट होऊ शकतो. फुकुशिमाच्या इमारतींची छपरं हायड्रोजनमुळेच उडाली. त्यातून किरणोत्सर्गी द्रव्य बाहेर पडणं हा खरा धोका, आणि पुढची सगळी उत्तरं त्याचीच आहेत.

३. भट्टी बंद केली की धोका संपला ना?

इथेच बहुतेकांची गल्लत होते. विखंडन काही सेकंदांत थांबवता येतं, पण इंधनात साठलेली किरणोत्सर्गी द्रव्यं उष्णता देतच राहतात. थांबल्या क्षणी ती पूर्ण क्षमतेच्या ६ ते ७ टक्के असते, तासाभराने दीड टक्क्याच्या आसपास, दिवसभराने अर्ध्या टक्क्याच्या आसपास. २२० मेगावॅट वीज देणारी भट्टी उष्णता सुमारे ७५० मेगावॅट निर्माण करते. तिचा अर्धा टक्का म्हणजे न्हाणीघरातले दोन हजार गीझर एकाच वेळी चालू ठेवल्यासारखं. ही उष्णता पाण्याने वाहून न्यावीच लागते, आणि पंपांना वीज लागते.

म्हणून अणुभट्टीच्या सुरक्षेत सगळ्यात मोठा प्रश्न असतो, "वीज गेली तर?" ३१ मार्च १९९३ ला उत्तर प्रदेशातल्या नरोऱ्यात टर्बाइनची पाती तुटून आग लागली आणि १७ तास वीज नव्हती. कर्मचाऱ्यांनी अग्निशमनाच्या डिझेल पंपांनी बाष्पजनित्रांत पाणी सोडलं आणि काही जण अंधारात वर चढून भट्टीत विखंडन रोखणारं बोरॉन हाताने सोडून आले. किरणोत्सर्ग बाहेर आला नाही. फुकुशिमात २०११ साली त्सुनामीने डिझेल जनरेटर बुडवले आणि तीन भट्ट्यांचं इंधन वितळलं. नरोऱ्याच्या त्या रात्रपाळीची आठवण आपल्याकडे फार थोड्यांना आहे, याची मला खंत वाटते.

४. २०१६ मध्ये काकरापारला नक्की काय झालं?

पहिल्या भट्टीतल्या एका नळीला चीर गेली आणि शीतक म्हणून फिरणारं जड पाणी इमारतीच्या आत गळू लागलं. भट्टी आपोआप बंद झाली, आपत्कालीन शीतन सुरू झालं आणि 'प्लांट इमर्जन्सी' जाहीर झाली (अर्थ प्रश्न ५ मध्ये). कुणाला मर्यादेपेक्षा जास्त किरणोत्सर्ग लागला नाही आणि परिसरातली पातळी नेहमीचीच राहिली. दुसऱ्या भट्टीत आदल्या वर्षी जुलैमध्ये अशीच गळती झाल्याने ती आधीच बंद होती. दोन्ही भट्ट्यांच्या सगळ्या नळ्या बदलल्या. दुसरी २०१८ मध्ये आणि पहिली २०१९ मध्ये परत सुरू झाली.

गळतीची तारीख फुकुशिमाच्या बरोबर पाचव्या वर्षदिनी पडली. निव्वळ योगायोग, पण त्याने भीती दुप्पट केली.

५. टीव्हीवर 'आणीबाणी जाहीर' असं आलं की गावं रिकामी करायची का?

आधी कोणती आणीबाणी ते ऐका. 'प्लांट' आणीबाणी म्हणजे परिणाम भट्टीच्या इमारतींपुरता. 'साइट' म्हणजे प्रकल्पाच्या कुंपणाच्या आत. 'ऑफसाइट' म्हणजे कुंपणाबाहेरच्या लोकांवर परिणाम होऊ शकतो. पहिल्या दोन्हींत गावकऱ्यांनी काहीच करायचं नसतं, फक्त बातम्यांकडे कान ठेवायचा. आजवर देशात एकाही वीजकेंद्रात ऑफसाइट आणीबाणी जाहीर करावी लागलेली नाही.

कुंपणाबाहेरचा कारभार जिल्हाधिकारी पाहतात, प्रकल्पाचे अधिकारी नाहीत. प्रकल्प माहिती आणि तांत्रिक सल्ला देतो. लोकांना घरात थांबवायचं की हलवायचं, हे कलेक्टरच ठरवतात.

६. १६ किलोमीटरचं वर्तुळ म्हणतात ते काय?

भट्टीभोवती पहिला पट्टा प्रकल्पाच्याच ताब्यातला, त्यात वस्ती नसते. जुन्या केंद्रांसाठी तो १.६ किलोमीटर होता, नव्या नियमांत किमान १ किलोमीटर. पुढे ५ किलोमीटरपर्यंत वस्ती असते, पण मोठे कारखाने किंवा नव्या वसाहती येऊ देत नाहीत. १६ किलोमीटरपर्यंत आणीबाणीचं नियोजन असतं: गावनिहाय लोकसंख्या, रस्ते, गाड्या, आश्रयाच्या शाळा, सगळं आधी लिहून ठेवलेलं. या वर्तुळाचे १६ भाग करतात, कारण किरणोत्सर्गी हवा वाऱ्याच्या दिशेने जाते आणि सगळीकडे सारखी पसरत नाही. पावसाळ्यात वारा नैऋत्येचा असतो, हिवाळ्यात बहुधा उलटा.

व्यारा वर्तुळाच्या आत पण कडेजवळ आहे, सोनगड आणि बारडोली बाहेर. या वर्तुळातल्या गावांच्या यादीत 'मांडवी' दिसली म्हणून घाबरून फोन करणाऱ्यांसाठी: ती बडोद्याची मांडवी नव्हे, तापीकाठचं सुरत जिल्ह्यातलं गाव आहे.

७. बहीण व्याऱ्याला असते. भोंगा वाजला, ऑफसाइट जाहीर झाली, तर तिने काय करायचं?

घरात जायचं आणि तिथेच राहायचं. २०१६ ला मी नेमकं याच्या उलट सांगितलं होतं.

कारण असं. हवेतून येणारी द्रव्यं ढगासारखी जातात. तो ढग डोक्यावर असताना पक्क्या घरात बसलेल्या माणसाला बाहेरच्यापेक्षा कितीतरी कमी किरणोत्सर्ग लागतो. मोटारीचा पत्रा आणि काच जवळपास काहीच अडवत नाहीत. आणि हजार गाड्या एकाच वेळी व्यारा–बारडोली रस्त्यावर आल्या तर माणसं नेमकी ढगाखाली अडकून बसतील, रुग्णवाहिकाही हलणार नाही.

खिडक्या-दारं लावायची, फटींना ओले टॉवेल. एसी, कूलर आणि स्वयंपाकघरातला एक्झॉस्ट बंद. रस्त्याकडच्या भिंतीपासून दूरची आतली खोली उत्तम. कौलारू किंवा झोपडीवजा घर असेल तर गावातली शाळा किंवा पंचायतीची पक्की इमारत, पण तीही सांगितल्यावरच. अंगणातले वाळत घातलेले कपडे, पापड, कुरडया वारा यायच्या आधी आत. पिंपं, हंडे, विहीर झाकून ठेवायची. फ्रिजमधलं, डब्यातलं आणि आधीच भरून ठेवलेलं पाणी बिनधास्त वापरा.

उशिरा बाहेरून आलेल्याने वरचे कपडे दाराशीच काढून पिशवीत बांधावेत. बाहेरच्या कपड्यांबरोबर अंगावरची बहुतेक धूळ निघून जाते. मग साबणाने डोक्यापासून खाली आंघोळ, पण त्वचा खरवडायची नाही, खरचटली तर द्रव्य आत जातं. केसांना कंडिशनर लावू नये, त्याने धूळ केसांना चिकटते.

हलायला सांगितलं तर ठरवलेल्या ठिकाणी जमायचं आणि दिलेल्या गाडीत बसायचं. मुलं शाळेत असतील तर आणायला धावू नका, शाळेची वेगळी व्यवस्था असते. हे आईबापाला ऐकायला सगळ्यात अवघड जातं. माझ्या बहिणीने मला तेच विचारलं होतं, आणि माझ्याकडे तेव्हा उत्तर नव्हतं.

८. गुरांचं आणि दुधाचं काय?

गुरं गोठ्यात, आणि चारा साठवलेला. उघड्यावरचा हिरवा चारा देऊ नका. किरणोत्सर्गी आयोडीन गवतावर बसतं, गाय ते खाते, दुधात उतरतं आणि मुलांच्या गळ्यातल्या थायरॉइड ग्रंथीत साठतं. २६ एप्रिल १९८६ च्या चेर्नोबिल अपघातानंतर युक्रेन, बेलारूस आणि रशियात मुलांमध्ये थायरॉइडच्या कर्करोगाचे हजारो रुग्ण दिसले, ते मुख्यतः असं दूध प्यायल्यामुळे. वेळेवर "हे दूध पिऊ नका" सांगितलं असतं तर त्यातले कितीतरी टळले असते.

या आयोडीनचं अर्धायुष्य (निम्मं उरायला लागणारा काळ) ८ दिवसांचं आहे, म्हणजे दोन-तीन महिन्यांत ते जवळपास संपतं. म्हणून दुधाची भुकटी करून ठेवणं हाही उपाय असतो. सिझियम या दुसऱ्या किरणोत्सर्गी द्रव्याचं मात्र ३० वर्षांचं आहे, ते जमिनीत राहतं आणि शेतमालाची तपासणी वर्षानुवर्षं करावी लागते.

९. आयोडीनच्या गोळ्या आधीच आणून ठेवू का?

बडोद्यात नको. गोळी थायरॉइडला साध्या आयोडीनने भरून टाकते, म्हणून किरणोत्सर्गी आयोडीन त्यात शिरत नाही. इतर कोणत्याही द्रव्यापासून ती वाचवत नाही, आणि बाहेरून लागणाऱ्या किरणांपासून तर नाहीच. वेळ चुकली तर तिचा उपयोग उरत नाही. ढग येण्याच्या आधीच्या चोवीस तासांत किंवा नंतर दोन तासांच्या आत सर्वोत्तम, आठ तासांपर्यंत ठीक. म्हणून ती कधी घ्यायची हे प्रशासन सांगतं, आणि साठाही १६ किलोमीटरच्या भागासाठी केलेला असतो. प्राधान्य मुलांना आणि गरोदर, स्तनदा मातांना. चाळिशीपुढच्यांना फायदा कमी. थायरॉइडचा आजार असेल तर डॉक्टरांना आधीच विचारून ठेवा.

१०. आयोडीनयुक्त मीठ जास्त खाल्लं तर चालेल? टिंक्चर आयोडीन?

एका गोळीत सुमारे १०० मिलिग्रॅम आयोडीन असतं. तेवढं मिठातून मिळवायचं तर किमान तीन किलो मीठ खावं लागेल, आणि त्या आधी मीठच जीव घेईल. जखमेवर लावायचं टिंक्चर विषारी आहे, ते पिऊ नये.

११. मग बडोद्यात आम्ही काय करायचं?

बहुधा काहीच नाही. १२० किलोमीटरवर घरात थांबायला सांगावं लागण्याची शक्यता अतिशय कमी आहे. फार तर पालेभाज्या आणि दूध यांबद्दल सूचना येतील. आपलं काम वेगळं: तिथल्या माणसांना धीर देणं, त्यांना निघायला न लावणं, आणि बातमी पुढे ढकलण्याआधी तपासणं (प्रश्न १९).

एक पिशवी मात्र तयार असावी, ती अणुभट्टीसाठी नव्हे. ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्रीचं पाणी घरांत शिरलं तेव्हा माझ्या शेजाऱ्यांना औषधं आणि कागदपत्रं शोधायला वेळ मिळाला नाही. बॅटरीवरचा रेडिओ, टॉर्च, पॉवर बँक, आठवड्याची औषधं, कागदपत्रांच्या प्रती, पाणी आणि सुकं खाणं. तीच पिशवी सगळ्याला चालते.

१२. नळाचं पाणी बिघडेल का?

काकरापार तापीवर आहे. बडोद्याचं पाणी महीच्या फ्रेंच विहिरी आणि आजवा सरोवराचं. दोन्ही खोरी निराळी आहेत. नदीमार्गे इकडे काही येणार नाही.

१३. तिकडून आलेल्या नातेवाइकांना घरात घ्यायला भीती वाटते. किरणोत्सर्ग लागट असतो का?

हा प्रश्न चारदा आला, त्यामुळे थोडं सविस्तर लिहितो.

किरणं अंगावर पडलेला माणूस स्वतः किरणं देत नाही. एक्स-रे काढून आलेली आई घरी आल्यावर जशी निर्धोक असते, तसंच. धूळ अंगावर असेल तर ती कपडे बदलून आणि आंघोळीने जाते, आणि बाहेर पडतानाच तपासणी होते. त्यांना घरात घ्या, जेवू घाला, झोपायला जागा द्या. फुकुशिमातून विस्थापित झालेल्या मुलांना नव्या शाळांत चिडवलं गेलं, त्यांच्याशी बोलणं टाकलं गेलं. चेर्नोबिलच्या लोकांच्या वाट्यालाही हेच आलं. बडोद्यात असं कुणाच्या बाबतीत होऊ नये, एवढं कळकळीने सांगतो.

१४. आजी अंथरुणाला खिळली आहे. तिलाही हलवायचं?

गडबडीने नाही. फुकुशिमात दीड लाखांहून अधिक लोक घर सोडून गेले, आणि रुग्णालयं व वृद्धाश्रम घाईने रिकामे करताना पन्नासहून अधिक रुग्ण वाटेत किंवा लगेच नंतर गेले. ऑक्सिजन नव्हता, औषध नव्हतं, तासन्‌तास बसमध्ये बसवलेले. किरणोत्सर्गाने त्यांना काही झालं नव्हतं. अशा रुग्णाला पक्क्या घरात एका माणसाच्या सोबतीने ठेवणं पुष्कळदा जास्त सुरक्षित असतं. १६ किलोमीटरच्या आत राहणाऱ्यांनी अशा माणसाचं नाव तलाठ्याकडे किंवा पंचायतीत आधीच कळवून ठेवावं.

१५. कारखान्यातली गॅसगळती आणि हा अपघात, दोन्हींत एकच वागायचं का?

घरात थांबणं, दारं-खिडक्या लावणं, ओला फडका हे दोन्हींत आहे. फरक तीन. क्लोरीन, अमोनिया यांना वास येतो, डोळे चुरचुरतात, म्हणजे शरीर सूचना देतं. किरणोत्सर्गाला वास, रंग, चव काहीही नाही, तो फक्त यंत्राला कळतो. म्हणून "मला तर काही होत नाही" याला तिथे अर्थ नाही. दुसरं, क्लोरीन हवेपेक्षा जड असल्याने वरच्या मजल्यावर जायचं. किरणोत्सर्गात मात्र छतावर आणि जमिनीवर बसलेली धूळच किरणं देते, म्हणून मधला मजला, मधली खोली. तिसरं, वेळ: गॅसगळतीत मिनिटं मोजावी लागतात, अणुभट्टीच्या अपघातात बहुधा तास मिळतात. कोयलीची रिफायनरी आणि नंदेसरीचे कारखाने बघता गॅसगळतीची तयारी बडोदेकराला जास्त उपयोगी पडेल, असं माझं स्पष्ट मत आहे.

१६. फर्टिलायझरनगरजवळ 'हेवी वॉटर प्लांट' आहे. तो अणुप्रकल्पच ना? तिथे भट्टी आहे?

भट्टी नाही. जड पाणी म्हणजे ज्यात साध्या हायड्रोजनच्या जागी ड्यूटेरियम आहे असं पाणी, आणि ड्यूटेरियम किरणोत्सर्गी नसतं. १९७७ मध्ये सुरू झालेला हा प्रकल्प अमोनिया–हायड्रोजन पद्धतीचा होता, त्यामुळे तिथला धोका रासायनिक. भट्टीत वापरून झालेल्या जड पाण्यात मात्र ट्रिटियम हा किरणोत्सर्गी हायड्रोजन तयार होतो. काकरापारच्या गळतीत लक्ष त्याच्यावर होतं, इथल्या पाण्यावर नाही.

१७. मग बडोद्यात किरणोत्सर्गी अपघात होऊच शकत नाही?

होऊ शकतो, आणि काकरापारपेक्षा हाच जास्त संभवतो. वेल्डिंगचे जोड तपासायला किरणोत्सर्गी इरिडियमचे कॅमेरे वापरतात, कर्करोगाच्या उपचारात किरणोत्सर्गी कोबाल्ट वापरतात. असा स्रोत चोरीला गेला किंवा भंगारात पोचला तर आपत्ती. एप्रिल २०१० मध्ये दिल्लीच्या मायापुरी भंगारबाजारात कोबाल्ट-६० चं जुनं यंत्र फोडलं गेलं, एक जण गेला आणि अनेक भाजले. ब्राझीलच्या गोइयानिया शहरात १९८७ साली निळसर चमकणारी सिझियमची भुकटी लोकांनी घरोघरी वाटली, चार माणसं गेली आणि एक लाखाहून अधिक लोकांची तपासणी करावी लागली.

तीन पाती असलेलं चिन्ह, शिशाचं जड भांडं, किंवा कारण नसताना चमकणारं वा गरम लागणारं काही दिसलं तर हात लावू नका, खिशात तर मुळीच नको. लांब सरका, इतरांनाही सरकवा, ११२ ला कळवा. या कामाचं प्रशिक्षण असलेली राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाची सहावी बटालियन आपल्या जिल्ह्यातच, जरोदला आहे.

१८. पूर आणि अपघात एकदम आले तर?

असं अर्धंमुर्धं घडलं आहे. जून १९९४ मध्ये अतिवृष्टीने काकरापारला टर्बाइनच्या इमारतीत पाणी शिरलं होतं. भट्टी तेव्हा बंद होती. फुकुशिमानंतर देशातल्या सगळ्या केंद्रांच्या पुराच्या तयारीची पुन्हा तपासणी झाली. नागरिकाच्या बाजूने उत्तर असं: पाणी घरात शिरत असेल तर आधी पाण्यापासून जीव वाचवा. बुडण्याचा धोका मिनिटांचा असतो.

१९. मोबाइलवर आलेला संदेश खरा कसा ओळखायचा?

'काकरापारला स्फोट, तीन तासांत ढग बडोद्यात, सगळ्यांना पाठवा' असा एक संदेश मला तीन वेगवेगळ्या वर्षी आला. त्यात ना तारीख होती, ना कोणती भट्टी ते, ना आणीबाणीचा वर्ग. खऱ्या निवेदनात या तीनही गोष्टी असतात, आणि खाली जिल्हाधिकारी, न्यूक्लिअर पॉवर कॉर्पोरेशन किंवा नियामक मंडळाचं नाव असतं. जिल्ह्याचा आपत्ती नियंत्रण कक्ष १०७७ वर आहे. किरणोत्सर्ग मोजणारी यंत्रं देशभर बसवलेली आहेत, आणि मोठी गळती एखाद्या देशाला लपवता येत नाही: चेर्नोबिलची बातमी जगाला स्वीडनच्या एका अणुकेंद्रातल्या मापकांमुळे कळली.

२०. दर दोन वर्षांनी तिकडे मॉक ड्रिल होते, तेव्हा बहीण घाबरते. तिला काय सांगू?

त्या दिवशी भोंगे वाजतात, गाड्या येतात, कधी रस्ते अडवले जातात, आणि हे आधी जाहीर केलेलं असतं. तिला म्हणावं, दार लावून बसू नकोस, बाहेर जा. जमण्याची जागा कुठली, आपल्या गल्लीची गाडी कुठे उभी राहते, शाळेतल्या मुलांना कोण नेतं, हे डोळ्यांनी बघून ये. माझी बहीण गेल्या वेळी गेली होती. परत येऊन तिने मला फोनवर आपल्या गावाची जागा आणि वाटेतला पूल, दोन्ही सांगितले, आणि मी ते माझ्या वहीत लिहून ठेवले आहेत.